नाकारण्याचं कारण

तीन वर्षं होत आली, तरी ‘भेसळ’ हा शब्द कुणी उच्चारला की माझं डोकं तापतं. लग्नाच्या पंगतीत कुणी पनीरवर सहज टोमणा मारला तरी पुरतं. घरचे आता माझ्यासमोर तो शब्द टाळतात. मी मात्र टाळणार नाही. काय झालं ते एकदा नीट सांगून टाकणार आहे.

नगरजवळच्या एका खासगी डेअरीच्या प्रयोगशाळेत मी काम करते. केडगावातून स्कूटीनं जायचं, पांढरा कोट घालायचा, सकाळी टेम्पो आले की कॅनमधलं दूध तपासायचं. फॅट, डिग्री म्हणजे घनता, आंबटपणा. यंत्र आहेच, पण झाकण उघडल्याबरोबर आधी नाक सांगतं. कॅन नीट धुतलेला नाही, दूध कालचं मिसळलंय, गाडी उन्हात उभी होती, हे सगळं वासातच असतं. अठरा वर्षांत एवढं तरी यायलाच हवं.

टेम्पो लावण्याचं काम मामांकडे होतं. ते कुणाचे खरे मामा होते ते मला माहीत नाही, पण मालकांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. भिंगारहून सायकलीवर येत, नंतर मोपेडवर. त्यांच्या खोलीत भिंतभर काळा फळा होता. उद्या कुठली गाडी कुठल्या गावाला किती वाजता जाणार, ते रोज संध्याकाळी खडूनं त्यावर लिहिलेलं असे. ड्रायव्हर येत, फळा बघत, घरी जात.

फळ्यावर लिहिलेलं सगळ्यांना दिसे. ते तसं का लिहिलंय ते फक्त मामांच्या डोक्यात असे. एका रस्त्याला बाजाराच्या दिवशी गाडी उलट्या अंगानं फिरवायची, कारण सकाळी बैलगाड्या आणि जीपा मिळून रस्ता अडवतात. एका गावचा दूध गोळा करणारा केंद्रवाला पहाटे उठत नाही, म्हणून तिथं शेवटी जायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवाळीनंतरचं. पाथर्डीकडच्या गावांतली अर्धीअधिक माणसं ऊसतोडीला जातात. काही गुरं बरोबर नेतात, काही विकतात, दूध एकदम निम्म्यावर येतं. अशा वेळी कुणीही म्हणेल, दोन रस्ते जोडून एकच गाडी पाठवा. मामा मोठ्या गाडीच्या जागी छोटी गाडी लावत, पण वेळ तीच ठेवत.

मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “बाई, दूध कमी झालं म्हनून ते उशिरा नासत न्हाई.”

एवढं एक वाक्य आमच्या त्या संगणक प्रणालीत कुणी घातलं असतं, तर मला हे लिहावंच लागलं नसतं.

त्या वर्षी आषाढाच्या सुमारास मालक कुठल्याशा मेळाव्याहून परत आले ते डिजिटल होऊनच आले. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. माणूस वाईट नाही, हे मला रागाच्या भरातही सांगावं लागतं. पण मेळाव्यात कुणीतरी त्यांना मोबाईलवर आपली सगळी डेअरी चालताना दाखवली होती, आणि आपल्याकडे असं काही नाही याची त्यांना लाज वाटली होती. पंधरा दिवसांत पुण्याच्या एका कंपनीची माणसं आली. त्यांच्या टीम लीडरनं पहिल्या बैठकीत विचारलं, “सर, तुमची अपेक्षा काय आहे?”

साहेब म्हणाले, “मला माझ्या खोलीत बसून सगळं दिसलं पाहिजे.”

झालं. याच्या पलीकडे त्या कामाची अपेक्षा कधी कुणी मांडलीच नाही. दूध लवकर यावं, कमी नासावं, केंद्रवाल्यांचा त्रास कमी व्हावा, यातलं काहीही नाही. साहेबांना दिसलं पाहिजे. मी तिथंच बसले होते. चहा पीत होते. मीही मान डोलावली.

मला प्रकल्पाची समन्वयक नेमलं गेलं. का, ते साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. “मॅडमना कॉम्प्युटर येतो, मराठी चांगलं आहे, आणि त्या कुणाशी भांडत नाहीत.” सगळे हसले. मलाही बरं वाटलं होतं. आता आठवलं की वाटतं, तिसरं कारण ऐकताच मी उठून जायला हवं होतं.

सुरुवात कधी करायची, हेही असंच ठरलं. टीम लीडर मला जिन्यात म्हणाला होता, “मॅडम, नुसत्या चाचणीला दोन महिने लागतील. दिवाळीच्या आधी काही होत नाही.” वर जाऊन बसलो तर साहेब म्हणाले, “दसऱ्याला पूजा करून सुरू करायचं. साडेतीन मुहूर्तांतला एक, याहून चांगला दिवस नाही.” आणि तोच माणूस, त्याच तोंडानं म्हणाला, “होऊन जाईल, सर.” मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं लॅपटॉपकडे बघितलं.

मामांकडून माहिती घ्यायला पुण्याच्या कंपनीतली एक मुलगी आली. तिच्याकडे एक छापील नमुना होता, त्यात रकाने होते, आणि तिला दोन तास दिलेले होते. मी शेजारी बसले होते. तिनं विचारलं, “या रस्त्याला रोज साधारण किती दूध येतं?”

“कुठल्या महिन्यातलं सांगू?” मामांनी विचारलं.

“जनरल सांगा ना, मामा.”

“पोरी, जनरल असं गावच न्हाई आपल्याकडं.”

ती गोड हसली आणि तिनं गेल्या तीन महिन्यांची सरासरी टाकली. तिचा दोष नव्हता. तिला कुणी एकदाही गावाकडे नेलं नव्हतं. त्या कंपनीतलं कुणीच कधी टेम्पोत बसलं नाही. आमच्या डेअरीतून पाथर्डीच्या बाजूला जायला गाडीनं तास-दीड तास लागतो, आणि त्या तीन महिन्यांत त्यांच्यापैकी एकाही माणसाला तेवढा वेळ मिळाला नाही. जेवायला मात्र ते रोज हायवेवरच्या हॉटेलात जात.

आता माझी पाळी.

भाद्रपदात एका दुपारी टीम लीडरचा फोन आला. मी आंबटपणाची चाचणी लावून बसले होते, हातात काचेची नळी होती. तो म्हणाला, “मॅडम, फाईल तुमच्या टेबलावर पाठवली आहे. फक्त तुमची सही हवी. उद्या सगळं फ्रीझ करतोय.”

ती फाईल पुस्तकासारखी जाड होती. मी प्रयोगशाळेचं पान काढलं. दूध नाकारलं तर संगणकावर एक चौकट उघडणार होती, ‘नाकारण्याचं कारण’. तिच्यात तीन पर्याय होते. पाणी. भेसळ. इतर.

मी म्हटलं, “आंबट दूध कुठं टाकायचं? आमच्याकडे नाकारलं जाणारं बहुतेक दूध आंबट झालेलंच असतं.”

“‘इतर’मध्ये टाका सध्या. दुसऱ्या टप्प्यात वाढवून देऊ.”

मी सही केली. मला नळीतल्या रंगाकडे लक्ष द्यायचं होतं, तो एकदा बदलला की परत सगळं करावं लागतं. हे कारण मी त्या वेळी स्वतःला दिलं. खरं कारण वेगळं होतं. मी भांडत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि मला ते तसंच राहू द्यायचं होतं.

त्याच फाईलमध्ये पुढं दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या. ‘इतर’ निवडलं तर साहेबांच्या मोबाईलवर एक आकडा येणार, तो टाकल्याशिवाय नोंद पुढं सरकणार नाही. आणि एका केंद्राचं दूध भेसळीसाठी तीनदा नाकारलं गेलं की ते केंद्र आपोआप बंद होणार, त्या केंद्राला दूध घालणाऱ्या प्रत्येकाला तसा संदेश जाणार. इंग्रजीत होतं, पण मला इंग्रजी वाचता येतं. मी वाचलं नाही.

दसऱ्याच्या आधी मामांची खोली रंगवायला काढली. पाहुणे येणार होते. फळा उतरवला, भिंतीला पांढरा रंग दिला, आणि तिथं भला मोठा टीव्ही लावला. मामा साहेबांकडे गेले, मला बरोबर घेऊन गेले. म्हणाले, “साहेब, महिनाभर दोन्ही चालू द्या. हे नवं काय म्हनतंय आनि फळा काय म्हनतोय, ताडून बघू. चुका घावतील.”

“मामा, दोन दगडांवर पाय ठेवून होत नाही,” साहेब म्हणाले. “जुनं हाताशी ठेवलं की माणसं जुन्यालाच धरतात. एकदाच उडी मारायची.”

उडी कोण मारणार होतं? साहेब त्यांच्या खोलीतच बसणार होते.

टीव्हीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. ड्रायव्हर लोकांचं प्रशिक्षण आदल्या आठवड्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये उरकलं होतं. पडद्यावर इंग्रजी पानं सरकत होती आणि मागच्या रांगांत ड्रायव्हर डुलक्या घेत होते. जेवणाच्या आधी त्यांना एवढंच समजलं की मोबाईलवर एक हिरवं बटण आहे, त्यावर ‘पोहोचलो’ लिहिलंय, आणि ते वेळेत दाबलं नाही तर ऑफिसातून फोन येतो.

पहिल्याच आठवड्यात एकाच नावाची दोन गावं प्रणालीनं एक करून टाकली आणि एक टेम्पो पाथर्डीऐवजी पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. सगळे हसले. साहेब म्हणाले, नवं आहे, होतं. मामांनी मोबाईलवरून त्या गावची व्यवस्था लावली. त्यांना आता ‘मदत कक्ष’ नावाच्या टेबलाशी बसवलं होतं, ड्रायव्हरांच्या तक्रारी लिहून घ्यायला. रस्ते ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे राहिला नव्हता.

मग दिवाळी झाली. गावांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसं तोडीला गेली. दूध उतरलं. प्रणालीनं ते बघितलं आणि तिला जे शिकवलं होतं तेच केलं. दोन रस्ते जोडले, एक गाडी कमी केली. साहेबांना टीव्हीवर एक आकडा हिरवा होताना दिसला. त्यांनी मला बोलावून दाखवला. “बघा मॅडम, एका गाडीचा फेरा वाचला. मामांना इतक्या वर्षांत हे सुचलं नाही.”

मामांनी तक्रारीच्या वहीत लिहिलं, मला तोंडानं सांगितलं. “बाई, ती पलीकडची शेवटची गावं मरतील. सकाळी सहाला काढल्यालं दूध दहापर्यंत कॅनात उभं राहील.” मी टीम लीडरला मेल केला. त्यानं उत्तर दिलं, नोंद घेतली आहे.

त्या रस्त्याच्या अगदी शेवटच्या गावात आमचं एक केंद्र होतं. तिथं कूलर नव्हता, दूध कॅनमधूनच यायचं. केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं. अकरा वर्षं त्या केंद्र चालवत होत्या. त्यांचे कॅन मी डोळे झाकून ओळखले असते. झाकणाच्या आतली कड कुणी धूत नाही, त्या धुवायच्या. डेअरीतल्या नव्या पोरींना मी शिकवताना म्हणायचे, कॅन कसा असावा ते बघायचं तर तो बघा.

कार्तिकात एका दुपारी माझ्या हाताखालची तंत्रज्ञ येऊन माझ्या कानाशी वाकली. मी वर बैठकीत होते. बैठक कसली, तर टीव्हीवर कुठला आकडा कुठल्या रंगात दिसावा याची. ती म्हणाली, “मॅडम, शेवटच्या गावाचं दूध आंबलंय. ‘इतर’ टाकलं तर साहेबांना आकडा जातोय, साहेब फोन उचलत नाहीत. गाड्या खोळंबल्यात. काय टाकू?”

साहेब माझ्या शेजारीच बसले होते. त्यांचा फोन त्यांच्या खोलीत चार्जिंगला होता. मी त्यांना सांगू शकले असते, पण ते निळ्या रंगाबद्दल बोलत होते.

मी म्हणाले, “टाक काहीतरी. नंतर दुरुस्त करू.”

तिनं ‘भेसळ’ टाकलं. नंतर दुरुस्त होत नव्हतं. नोंद एकदा झाली की कुलूपबंद. पुढच्या आठवड्यात दोन वेळा परत तेच झालं. तिनं मला विचारलंही नाही. कशाला विचारेल? मी सांगून ठेवलंच होतं.

तिसऱ्या वेळेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला.

“म्याडम, मी अक्का बोलते. मोबाईलवर काय आलंय ते बगितलं का तुमी?”

मी नव्हतं बघितलं. त्यांनी एकेक शब्द सुटा करून वाचून दाखवला. आपल्या केंद्राचे दूध भेसळीमुळे नाकारण्यात आले असून केंद्र बंद करण्यात येत आहे. मागं बायका-माणसांचा गलका ऐकू येत होता.

“सगळ्यांना आलाय ह्यो. तोडीला गेलेत त्यांनाबी तिकडं गेलाय. तिकडनं फोन येत्यात, अक्का, काय कालवलंस म्हनून. काय कालवलं मी, म्याडम?”

मी म्हटलं, मी उद्या येते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच रस्त्याच्या टेम्पोत बसले. पंधरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. हेही मी इथं लिहून ठेवते, कारण पुण्याच्या माणसांना मी जे बोलते ते मलाही लागू आहे.

ड्रायव्हर नवा होता, पण तरबेज होता. पहिली चार-पाच गावं सुरळीत झाली. मग डोंगराच्या अलीकडे एका चहाच्या टपरीशी त्यानं गाडी थांबवली, मोबाईल काढला आणि हिरवं बटण दाबलं. परत दाबलं. परत. सहा वेळा.

“हे काय?” मी विचारलं.

“पुढच्या सहा गावांचं, म्याडम. हितनं फुडं फोन लागतो, पन नेट न्हाई. आन नऊच्या आत दाबलं न्हाई तर हापिसातनं फोन येतो. म्हनून हितंच उरकतो.”

मी घड्याळ बघितलं. नऊला पाच कमी. डेअरीत, पांढऱ्या भिंतीवर, त्या सहाही गावांत टेम्पो वेळेवर पोहोचला होता. आम्ही टपरीवर उभे होतो. शेवटच्या गावात पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

केंद्रापुढं पंधरावीस माणसं उभी होती. त्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या, कर्ती माणसं तोडीला गेलेली. केंद्र बंद, तरी अक्कांनी कॅन धुऊन पालथे मांडून ठेवले होते. मी खाली उतरले. कुणी बसा म्हणालं नाही.

अक्कांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. “भेसळ म्हंजी मी दुधात नेमकं काय घातलं, तेवढं सांगा. पावडर का सोडा का युरिया? लोकांना सांगायला पायजे ना मला.”

“काहीच घातलं नाही तुम्ही,” मी म्हणाले. “दूध आंबलं होतं. गाडी उशिरा आली म्हणून आंबलं.”

“मग ह्ये कुनी लिवलं?”

मी म्हणाले, “सॉफ्टवेअरनं लिहिलं.”

त्या म्हणाल्या, “त्याला बोलवा हितं.”

मागं कुणीतरी हसलं. अक्का हसल्या नाहीत. मला तिथं उभं राहवेना. मी परत टेम्पोत जाऊन बसले. डेअरीत शिरले ती थेट साहेबांच्या खोलीत.

टीम लीडर तिथंच होता, पंधरवड्याचा आढावा चालू होता. मामाही मदत कक्षाची वही घेऊन कोपऱ्यात बसले होते. मी त्या दिवशी भांडले. आवाज इतका चढला की खाली गाड्या धुणारे लोक वर बघायला लागले. मी बटणाचं सांगितलं, टपरीचं सांगितलं, तीन पर्यायांचं सांगितलं. “तुमच्या यादीत खरं कारण लिहायला जागाच नाही,” मी म्हणाले. “चूक आपल्या गाडीची, आणि नाव त्या बाईचं!”

टीम लीडर शांतपणे म्हणाला, “मॅडम, हा वापरणाऱ्यांच्या सवयीचा प्रश्न आहे. प्रणाली बरोबर चालली आहे. ड्रायव्हरनं बटण चुकीच्या जागी दाबलं, लॅबनं पर्याय चुकीचा निवडला. आपण आणखी एक प्रशिक्षण घेऊ.”

मग साहेबांनी ती जाड फाईल काढली, ते पान उघडलं आणि माझ्याकडे वळवलं. तीन पर्याय आणि खाली माझी सही. “हे तुम्हीच मंजूर केलं आहे ना, मॅडम?”

त्या क्षणाचा राग मला अजून मोजता येत नाही. साहेबांचा, त्या माणसाचा, का माझा स्वतःचा, त्याची वाटणीही करता येत नाही. सही माझीच होती. आणि त्यांनी ती जपून ठेवली होती, नेमकी याच कामासाठी.

मी म्हटलं, “हो, माझी आहे. आता ज्या ज्या मोबाईलवर तो संदेश गेला, त्या सगळ्यांवर आपली चूक झाली म्हणून दुसरा पाठवा. आज.”

टीम लीडर म्हणाला, तसा मजकूर प्रणालीत नाही. नवा मजकूर पाठवायचा तर त्याची मंजुरी घ्यावी लागते. दोन-तीन आठवडे लागतील.

बदनामीचा मजकूर मात्र तयार होता. तो आधीच मंजूर करून ठेवला होता. माफी मागायची वेळ आपल्यावर येईल, हे इतक्या हुशार माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मामा उठले, वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, “साहेब, ह्यात सगळं तारीखवार लिवलेलं हाय. कुनी वाचलं न्हाई. उद्यापास्नं मी येत न्हाई.” आणि ते गेले. साहेबांना वाटलं, रागात आहेत, येतील. पौषात साहेबांनी स्वतः फोन केला तेव्हा मामा म्हणाले, “फळा लावा, येतो.” फळा लावला गेला नाही.

मी संदेशाची वाट बघितली नाही. डेअरीच्या कागदावर पत्र लिहिलं, साहेबांसमोर धरलं. त्यांनी वाचलं आणि सही करायला नकार दिला. म्हणाले, लेखी दिलं तर उद्या प्रत्येक केंद्र मागेल. मग मी खाली माझी सही केली आणि रविवारी नवऱ्याला बरोबर घेऊन मोटारसायकलवर त्या गावाला गेले. अक्कांनी माणसं गोळा केली. मी ते मोठ्यानं वाचलं. या केंद्राच्या दुधात कधीही भेसळ सापडली नाही. दूध आमची गाडी उशिरा आल्यामुळे आंबलं. नोंद चुकीची झाली, ती करायला मी सांगितलं आणि ती यादी मी मंजूर केली होती.

वाटलं, आता तरी काहीतरी सुटेल. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “बरं झालं पोरी, आलीस.” अक्कांनी पत्र घेतलं, घडी घातली, पोलक्यात ठेवलं.

“म्याडम,” त्या म्हणाल्या, “ते मोबाईलवर आलं हुतं, सगळ्यांच्या. ह्ये एकट्या माझ्या हातात दिलं तुमी. तोडीवरच्या लोकांना मी काय वाचून दाखवू हितनं?”

माफीचा संदेश माघात गेला. तोवर अक्कांनी दुसऱ्या डेअरीचं केंद्र घेतलं होतं, आणि त्यांच्याबरोबर त्या भागातली आणखी दोन केंद्रंही गेली. त्या पांढऱ्या भिंतीवरच्या टीव्हीवर ती तिन्ही गावं आता दिसत नाहीत. गावंच नाहीत म्हटल्यावर लाल कशी दिसणार?

आणि याचा शेवट काय, तर आमच्याकडे हा प्रकल्प यशस्वी झाला. यादीत आता बरीच कारणं आहेत, ‘गाडी उशिरा’ हेही आहे. बटण गाडीच्या जागेप्रमाणे आपोआप दाबलं जातं. सगळं नीट आहे. हे सगळं आधी होऊ शकलं असतं, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात नगरच्या एका हॉटेलात डेअरीवाल्यांची सभा झाली. साहेबांनी आमच्या डिजिटल वाटचालीवर भाषण केलं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारलं, लोकांनी विरोध केला का? साहेब म्हणाले, “सुरुवातीला थोडा. जुनी माणसं असतात.” टाळ्या पडल्या. मी काही बोलले नाही. सवय अशी एका दिवसात जात नाही.

जेवणाच्या वेळी दुसऱ्या एका डेअरीच्या व्यवस्थापक बाई ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या. माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, “आमच्याकडे पुढच्या महिन्यात सुरू होतंय. तुम्ही समन्वयक होता ना? एखादी गोष्ट सांगा, जी साहेबांनी सांगितली नाही.”

मग मी बोलले. तासभर बोलले. आमटी गार झाली. मी सांगितलं, त्यांच्या माणसांना आधी टेम्पोत बसवा, नाही बसले तर काम देऊ नका. मुहूर्तावर सुरू करू नका. जुनं आणि नवं बरोबर चालवा, निदान तोडीचा हंगाम संपेपर्यंत. प्रत्येक यादी त्या माणसाला दाखवा, जो उन्हात उभा राहून ती भरणार आहे. त्यांनी मोबाईलवर सगळं लिहून घेतलं.

होळीनंतर त्यांचा फोन आला. दोन्ही बरोबर चालवलं, म्हणाल्या. अकरा गावांच्या वेळा चुकीच्या निघाल्या, सुरू व्हायच्या आधीच दुरुस्त केल्या. एक थेंब नासला नाही. मालक थोडे कुरकुरले, पण चालतं म्हणाले. “तुमचे फार उपकार झाले,” त्या म्हणाल्या.

मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता. पण आला तो राग. दोन-तीन महिने थोडी कुरकूर ऐकून घ्यायची, बस्स. इतकं सोपं होतं ते.